जसेच्या तसे

मरण्यापूर्वी सूचना देणाऱ्या वस्तूंमध्ये हार्ड डिस्कची गणना करावी लागेल. आतल्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेऱ्या घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटरच्या अंतराने, तबकडीला न शिवता, तरंगत असते; ही कसरत वर्षानुवर्षे विनातक्रार चालते हेच मुळात नवल आहे. ती बिघडू लागली की आतून टक्, टक् आणि जरा दम घेऊन पुन्हा टक् असा आवाज येऊ लागतो. आमच्याकडे तो प्रथम सौभाग्यवतींनी ऐकला आणि पाल चुकचुकली असे समजून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणत टेबलावर बोटाने टकटक केली. भिंतीवर पाल नाही असे दिसल्यावर ती माझ्या मनात चुकचुकली.

डिस्कची प्रकृती सांगणारे छोटे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यांतला एक चालवला, तर त्याने पिवळी पट्टी दाखवली. डिस्कचा एखादा कण खराब झाला की ती कोणाला न सांगता त्याच्या जागी राखीव कण बसवते आणि अशा बदल्यांची नोंद ठेवते. माझ्या डिस्कच्या नोंदीतला आकडा वाढत चालला होता आणि राखीव कणांचा साठा मर्यादित असतो. थोडक्यात, घरातली भांडणे बाहेर जाऊ न देणाऱ्या या बाईंनी आता उंबऱ्यावर येऊन बोलायला सुरुवात केली होती.

मी नाशिकच्या इंदिरानगरात घरूनच डीटीपीची कामे करतो. लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांती, श्रद्धांजलीची पत्रके, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाकाठी एखाददुसरा कविता-संग्रह, एवढा माझा व्याप आहे. त्याचा सारा भार ज्या संगणकावर आहे त्यावर विंडोज ७ आहे. त्याला सुरक्षेची अपडेट मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, म्हणजे नेमकी संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर संक्रांत आली. तरीही मी तो बदललेला नाही, कारण त्यात पाने मांडण्याचा जुना प्रोग्राम पेजमेकर आहे आणि युनिकोडपूर्व, म्हणजे मराठी अक्षरांना संगणकात स्वतःचे सर्वमान्य क्रमांक मिळण्याआधीच्या, काळातले मराठी फॉन्ट आहेत. हे फॉन्ट मोठे मायावी असतात. पडद्यावर ‘चि. सौ. कां.’ दिसत असले तरी आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि नाना प्रकारची चिन्हे. त्यांना मराठीचे रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की वधूपिता स्वल्पविरामात आणि विवाहस्थळ डॉलरच्या चिन्हात रूपांतरित होते. या सर्वांच्या सीडी माझ्याकडे आहेत, पण त्या वाचणारा ड्राइव्ह केव्हाच दगावला, आणि हा सारा संसार ज्या मुलाने बसवून दिला होता तो पुढे पुण्याला निघून गेला.

ताईचा धाकटा हिंजवडीला नोकरी करतो. त्याला फोन केला.

“मामा, बॅकअप आहे ना?”

“आहे की. सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत.”

“फायली नाही हो मामा, सिस्टिम! उद्या डिस्क गेली तर त्या फायली उघडणार कशात?”

प्रश्न बिनतोड होता. नुसत्या फायली उचलणे म्हणजे रुखवत घरी आणून नवरी मांडवात विसरण्यासारखे आहे. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि त्या ड्रायव्हरला कोणे एके काळी दिलेल्या त्या एका विशिष्ट सूचनेसह संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे फायलींच्या रूपात साठवलेली हुबेहूब नक्कल, घेतली, तरच दुसऱ्या डिस्कवर तोच संगणक पुन्हा उभा राहू शकतो. भाच्याने त्यासाठी क्लोनझिला नावाचा मोफत प्रोग्राम सुचवला. तो तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेला आहे. ‘सोपा आहे, मामा,’ असेही तो म्हणाला. आयटीतल्या मुलांच्या तोंडचा हा शब्द आणि दाताच्या डॉक्टरांच्या तोंडचे ‘दुखणार नाही’ यांकडे मी सारख्याच आदराने पाहतो.

महात्मा गांधी रस्त्यावरून १ टीबीची बाहेरची डिस्क आणली. जोडल्यावर संगणकाने ती ९३१ जीबीचीच आहे असे जाहीर केले. यात लबाडी कोणाचीच नसते: कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे दोघेही खरे बोलत असतात आणि ६९ जीबी मधल्या मध्ये गुप्त होतात. शिवाय डिस्क कोणत्या खाचेत खुपसावी यालाही महत्त्व आहे. पुढच्या बाजूला हाताशी असलेली काळी खाच जुन्या पद्धतीची, संथ. वेगवान निळी खाच मागे, भिंतीकडे तोंड करून, धुळीत. टेबलाखाली आडवे झाल्याखेरीज ती सापडत नाही, आणि यूएसबीची पिन पहिल्या खेपेस सरळ बसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

क्लोनझिला विंडोजच्या आत चालत नाही. तो पेनड्राइव्हवरून स्वतःच संगणक सुरू करतो, कारण धावत्या माणसाचा फोटो हलतो तसा चालू सिस्टिमचाही हलू नये. (हे भाच्याचे स्पष्टीकरण, मी फक्त लिहून घेतले.) काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर सरसरत गेला आणि एका चौकटीने विचारले, कोणती डिस्क? पर्याय दोन, एसडीए आणि एसडीबी. यांपैकी एकीत माझी सारी उपजीविका आणि दुसरी कोरी करकरीत. डिस्कवरून थेट डिस्कवर नक्कल करण्याचा मार्ग निवडून त्यात दिशा उलटी दिली, तर हा आज्ञाधारक प्रोग्राम कोऱ्या डिस्कचा कोरेपणा इमानेइतबारे माझ्या पत्रिकांवर उतरवेल. प्रतिमा घेण्याच्या मार्गात मूळ डिस्क नुसती वाचली जाते, म्हणून भाच्याने तोच सांगितला होता. तरीही मी दोन्ही डिस्कचे मॉडेल क्रमांक कागदावर लिहून, चष्मा पुसून, एकेक अक्षर ताडून पाहिले आणि कुलदैवताचे स्मरण करून ‘वाय’ची कळ दाबली.

यानंतर पडद्यावर किती वेळ गेला, किती उरला आणि मिनिटाला किती जीबी हे आकडे दिसू लागतात. उरलेला वेळ ही या संपूर्ण प्रकारातली सर्वांत कल्पनारम्य गोष्ट आहे. सुरुवातीला त्याने पाऊण तास सांगितला. डिस्क टक् म्हणाली, वेग घसरला, आणि उरलेला वेळ तीन तासांवर गेला. मग ती जरा शुद्धीवर आली आणि तो पुन्हा सव्वा तासावर उतरला. घरात सुतकी शांतता पाळली जात होती. “मिक्सर लावला तर चालेल का?” असे स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात विचारले गेले आणि मी, मिक्सरचा याच्याशी काडीचा संबंध नसताना, “नको” म्हणालो. त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली गेली आणि वाटताना जे बोलले गेले ते मी प्रतिमेत समाविष्ट केलेले नाही.

ऐन वैशाखातली लग्नसराई असल्यामुळे निफाडचे एक बागायतदार त्याच वेळी येऊन ठेपले. मुहूर्त १२ वाजून ३८ मिनिटांचा छापायला दिला होता, तो १२ वाजून २८ मिनिटांचा करायचा होता. गुरुजींनी पंचांग पुन्हा पाहिले होते. बागायतदारांनी काळ्या पडद्याकडे टक लावून पाहिले आणि हळहळत विचारले, “व्हायरस शिरला का, दादा?” सिस्टिमची प्रतिमा म्हणजे काय हे मी समजावले. सगळे लक्षपूर्वक ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “बरं. मग अठ्ठावीस कधी होतील?” तेवढ्यात वळवाच्या वाऱ्याने वीज गेली. यूपीएसचे चीं आणि डिस्कचे टक् यांची जुगलबंदी सुरू झाली, पण वीज लगेच परतली. बागायतदारांनी तो आपला पायगुण मानला आणि चहा घेऊन गेले.

काम पूर्ण झाल्यावर प्रोग्रामने स्वतःच तपासणी करून प्रतिमा परत चढवण्याजोगी असल्याचे सांगितले. बाहेरच्या डिस्कवर पाहिले तर एक फोल्डर आणि त्यात अगम्य नावांच्या फायली. “आपला सप्तशृंगी गडावरचा फोटो दाखवा बरं यातला,” असे सौभाग्यवती म्हणाल्या. तो त्यात होता. पण दाखवता येत नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. ते अधिक लागले.

खरी मेख इथेच आहे. बॅकअप चांगला आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे परत चढवून पाहणे. पण परत चढवायचा म्हणजे डिस्कवर आज जे आहे ते पुसून. बॅकअप ठीक निघाला तर आपण होतो तिथेच राहू, आणि न निघाला तर होते तेही उरणार नाही. असला जुगार शुद्धीवरचा माणूस खेळत नाही, म्हणून बहुसंख्य बॅकअप कपाटात पडून असतात आणि त्यांच्यावरचा मालकाचा विश्वास हा उपासनेचा भाग बनतो. यातून वाट एकच: जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची, नवी आणायची आणि प्रयोग तिच्यावर करायचा.

“काका, ४८० जीबीची एसएसडी घ्या, स्वस्तात बसेल,” दुकानातला मुलगा म्हणाला. (एसएसडी म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये साठवण करणारी डिस्क.) “तुमचा डेटा किती?”

“दीडशे जीबी.”

“मग ४८० म्हणजे डोक्यावरून पाणी!”

व्यवहारी बुद्धीला हे पटते. परंतु क्लोनझिला नक्कल फक्त भरलेल्या भागाची करत असला, तरी विभागांच्या हद्दी मूळ मापानेच आखतो आणि मुक्कामाची डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असली तर साफ नकार देतो. माझी जुनी डिस्क ५०० ची होती. साडेतीनशे जीबी निव्वळ पोकळी, पण तिचीही जागा राखावी लागते. मी ५१२ चीच हवी म्हणून अडून बसलो. ‘काकांना जास्त कळतं’ अशा अर्थाचा एक कटाक्ष मुलाने शेजारच्या मुलाकडे टाकला, तो मी बिलासोबत घेऊन आलो.

प्रतिमा चढवताना क्लोनझिला ‘या डिस्कवरचे सारे नष्ट होईल, खात्री आहे का?’ असे एकदा नव्हे, दोनदा विचारतो. जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये सुरक्षित असूनही दुसऱ्या खेपेस माझा हात अडला. मग संगणक पुन्हा सुरू केला. काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ, आणि बऱ्याच वेळाने विंडोजचे चार रंगांचे ठिपके एकत्र आले. नवे हार्डवेअर सापडले म्हणून त्याने एकदा बंद-चालू करून घेतले. पेजमेकर उघडला, निफाडची पत्रिका उघडली, तर वर गजानन प्रसन्न, खाली अक्षर न् अक्षर मराठीत. तिथल्या तिथे अडतीसचे अठ्ठावीस केले. आवाज म्हणाल तर काहीच नाही, कारण एसएसडीत फिरणारे काही नसते. ती जाते तेव्हा बहुधा चुकचुकतही नाही, एवढा एक दोष तिच्यात आहे.

प्रती तीन, साधने दोन आणि एक प्रत घराबाहेर, असा पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम भाच्याने बजावला होता. घराबाहेर म्हणजे कुठे? चुलतभाऊ भांडी बाजारात राहतो; पण गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि सारे नाशिक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला ते कुठवर लागले याची चौकशी करू लागले, की त्याला स्वतःचीच भांडी वरच्या मजल्यावर न्यावी लागतात. म्हणून प्रतिमेची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन मी नाशिकरोडला ताईकडे गेलो. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात, त्या परिसरात लग्नपत्रिकाही सुखरूप राहाव्यात.

“यात काय आहे?” ताईने विचारले.

“संगणकात आहे ते सगळे. आजवरच्या पत्रिकासुद्धा.”

“आपल्या घरातल्या पण?”

“हो.”

ताई जरा थांबली. “म्हणजे थोरल्याची पहिली पण?”

“पहिली पण आणि दुसरी पण.”

“पहिली तेवढी काढून टाक ना.”

अशा प्रतिमेतून एकच फाइल वेगळी काढता येत नाही, प्रोग्राम टिकलेले-मोडलेले पाहत नाही, सारे जसेच्या तसे उचलतो, हे मी तिला सांगितले. दागिन्यांच्या डब्याकडे निघालेली ताई मध्येच वळली आणि डिस्क तिने खालच्या खणात, जुन्या स्वेटरांखाली सरकवली.

“असू दे. पण सूनबाईला यातलं काही दाखवू नकोस.”

दाखवायचे झाले तरी आधी ५०० जीबीची रिकामी डिस्क लागेल, हे ऐकल्यावर मात्र तिने चहाचे आधण ठेवले.