‘ऑपरेशनशिवाय शुक्राणू, मूल शंभर टक्के’: त्या मेसेजबद्दल खुलासा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: “वीर्यात शुक्राणू शून्य असले तरी नवा कॅमेरा ते शोधतो. ऑपरेशन नको, मूल शंभर टक्के.” यातला शोध खरा, हमी खोटी.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2025 मध्ये या पद्धतीने गर्भधारणा झाल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पण ते एकाच जोडप्याबद्दल! वेगवान कॅमेरा नमुन्याचे लाखो फोटो काढतो, संगणक त्यात शुक्राणू हुडकतो. हुडकतो, तयार करत नाही. सापडला तरी पुढे इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं, लागतेच, आणि तिथेही खात्री नाही.

वीर्यात काहीच मिळालं नाही, तर अंडकोषातून शोधतात. मार्ग अडला असेल तर बहुतेकदा सुईनेही मिळतात. निर्मितीच कमी असेल तर मायक्रो-टेसे, म्हणजे अंडकोष उघडून शुक्राणू शोधायचं ऑपरेशन. त्यात सर्जन मायक्रोस्कोपखाली बारीक, मलूल नळ्या सोडून फुगीर, दुधाळ नळ्या उचलतो. साधारण निम्म्यांत शुक्राणू मिळतात. त्याआधी हार्मोन आणि वाय गुणसूत्राची तपासणी करून घ्या. काही दोषांत चिरफाड करून उपयोगच नसतो.

एकाच रिपोर्टवरून ‘शून्य’ पक्कं धरू नका, दुसरा नमुना द्या. केळीचे पैसे हातात आले म्हणून कुठे ॲडव्हान्सही भरू नका. तो मेसेज पुढे ढकलू नका. ज्यांना पाठवला, त्यांना हा पाठवा.