मालक, लेकराची काळजी सोडा

मालक, लेकरू दहावीला काठावर पास झालं म्हणून तोंड पाडून बसू नका. बापाची जागा लेकराला मिळायची सोय आपल्या मराठवाड्यात चोख आहे. फक्त ती सोय आहे, असं बोलायचं नाही. चारचौघांत ‘मेहनतीला पर्याय नाही’ एवढंच म्हणायचं.

लेकराला लातूरला क्लास लावा. नीटला घसरलं तर रिपीटर बॅच, पुन्हा घसरलं तर पुन्हा. पात्रतेपुरते गुण पडले की अभिमत विद्यापीठ आहेच. वर्षाला २०-२५ लाख लागतात, पण तेवढ्यावरून कुणी डॉक्टर व्हायचं थांबतं का? तेही नाही जमलं तर गुत्तेदारी, पतसंस्था, नाहीतर घरच्याच शिक्षणसंस्थेचं सचिवपद. (सचिवाची मार्कशीट कुणी मागत नाही. शिपायाची मागतात.)

आता ऊसतोड्याचं लेकरू. ते वर चढू नये म्हणून तुम्हाला काहीच करावं लागत नाही. पावसाळ्यातच मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घरात येते, औषधात नाहीतर लग्नात जाते. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर निघतात. लेकराचं शाळेचं दुसरं सत्र धाकट्याला सांभाळण्यात आणि उसाचं वाढं गोळा करण्यात जातं. हंगाम सरला तरी उचल फिटत नाही. बाकी पुढच्या साली, आणि बाप थकला की पोराच्या अंगावर. म्हणजे वारसा दोन्ही घरांत चालतो. उगाच विषमता म्हणू नये.

२०१८ साली ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं अंदाज मांडला होता: गरीब घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत यायला डेन्मार्कात २ पिढ्या लागतात, भारतात ७. तुम्ही तर ७ पिढ्या बसून खातील एवढं करूनच ठेवलंय. त्यांची सातवी पोचेपर्यंत तुमची पानावरून उठलेली नसेल.

तरी एखादं लेकरू फडावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अभ्यास करून बारावीला ९० टक्के काढतंच. घाबरू नका, सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ, बॅनर. बॅनरवर त्याचा फोटो खाली कोपऱ्यात, तुमच्या लेकराचा ‘युवा नेते’ म्हणून मधोमध. भाषणात ‘परिस्थितीवर मात’ दोन-तीनदा येऊ द्या. त्याच्या बापाला स्टेजवर बोलवा, पण बोलायला देऊ नका. आणि त्यानं मध्येच पुढच्या फीचा विषय काढलाच, तर माइकवाल्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.