‘कसंतरी होतंय’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या वैशाखात चुलतबहिणीच्या लग्नासाठी अंबाजोगाईला आले होते. हळदीच्या आदल्या रात्री अंगणात खाटा टाकलेल्या, अन् विषय माझ्यावर आला. काका म्हणाले, “आमच्या वेळी कुठं होते हे आजार? चार माणसांत राहिलं की मन आपोआप ठिकाणावर येतंय. तिकडं एकटी पडली म्हणून झालं.” धाकटा भाऊ तडकला, “इथं राहिली असती तर ताई जिवंत दिसली नसती.” दोघांच्याही बोलण्यात माझी काळजीच होती, पण दोघांचंही मला पटलं नाही. त्या रात्री नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला निदान झालं तेव्हा मी ३१ वर्षांची होते. त्रास मात्र नववीपासूनचा, याच घरातला. जवळचं माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, क्षणात टोकाला जाणारा राग, आतून पोकळ वाटणं, स्वतःला इजा करणं. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९८० पासून या आजाराची नोंद आहे. नऊ लक्षणांपैकी पाच असली तर निदान होतं. माझ्यात सात निघाली. तेव्हा ‘तिकडं जाऊन झालं’ हे खरं नाही, काका.

माझ्यावर जे उपचार झाले, त्यांचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी. भावना ओळखायला आणि आवरायला शिकवणारे उपचार. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ते घडवले. त्यांचं मूळ पुस्तक १९९३ चं. त्या म्हणतात, या माणसांच्या भावनांना जणू कातडीच नसते. सगळं अंग भाजलेल्या माणसाला नुसता हात लागला तरी जसं होतं, तसं. काही मुलं जन्मतःच अशी हळवी असतात, आणि अशा मुलाला घरीदारी सतत ‘एवढं काय झालं?’ ऐकावं लागलं, की त्याला आपल्या भावना ओळखताही येत नाहीत आणि आवरताही येत नाहीत. हे ऐकलं तेव्हा मला आई आठवली. “रडायलीस कामून? काय कमी हाय तुला?” हे ती मायेनं म्हणायची. माया खरी होती, आणि त्या वाक्यानं मी दर वेळी आणखी आत दडत गेले, हेही खरं. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून डीबीटीत ‘पण’च्या जागी ‘आणि’ म्हणायला शिकवतात. आपल्याकडं प्रत्येक वाक्यात ‘अन्’ असतोच, तरी ही सवय लागायला मला वर्ष गेलं.

भावाला वाटतं परदेशात सगळं हातात मिळतं. मी या उपचारांसाठी अकरा महिने यादीत वाट पाहिली. एका रात्री आपत्कालीन विभागात गेले, तर पडद्यापलीकडून “पुन्हा तीच आली” असं ऐकू आलं. ते शब्द अजून बोचतात. या निदानाला तिथंही ‘नाटकी’, ‘अवघड’ असे शिक्के बसतात. लिनेहान स्वतः १७ व्या वर्षी रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात होत्या, आणि हे जाहीरपणे सांगायला त्यांनाही २०११ साल उजाडलं. तेव्हा समजूतदारपणा विलायतेतच पिकतो, असं मी म्हणणार नाही.

तिथं मिळालं ते एवढंच: आठवड्याला एक तास माझा एकटीचा, दोन तास गटाचा वर्ग, घरचा अभ्यास, आणि रोज भरायचा तक्ता. वर्षभर. राग, भीती, लाज, दुःख, प्रत्येकापुढं शून्य ते पाच आकडा. शाळेत पाढे शिकवतात तसं सावकाश, पुन्हा पुन्हा. इंग्लंडची २००९ ची अधिकृत मार्गदर्शिका सांगते की फक्त या आजारासाठी म्हणून औषधं देऊ नयेत. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्याची द्यावीत. मराठवाड्यातल्याच एका डॉक्टरांनी मला विशीत पाच मिनिटांत तीन गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि “लग्न करून टाका” असं वडिलांना सांगितलं होतं. बाहेर रांग होती, हे मला दिसत होतं. तरी त्या पाच मिनिटांत मला कुणी काही विचारलं नाही.

आता बर्फाची गोष्ट सांगते. लग्नाच्या दिवशी दुपारी मला जाग आली तर घर रिकामं. सगळ्या बायका बांगड्या भरायला बाजारात गेल्या होत्या, मला न उठवता. छातीत धडधड सुरू झाली. मला वगळलं, मी कुणाचीच नाही, आत्ताच्या आत्ता बॅग भरून निघावं. आई मागच्या दारी होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, “किती?” मी म्हटलं, “पाच.” तिनं पुतण्याला कोपऱ्यावरच्या रसवंतीवर पिटाळलं. गोणपाटात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आला. तिनं तो बत्त्यानं फोडला आणि परातीतल्या पाण्यात टाकला. मी श्वास धरून तोंड बुडवलं, अर्धा मिनिट, तीनदा. आईनं मागून माझे केस धरले होते. थंड पाण्यात चेहरा गेला आणि श्वास रोखला की शरीर पाण्यात बुडी मारल्यासारखं वागतं, हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) ठोके उतरल्यावर पुढची पायरी: खरं काय घडलं ते तपासायचं. आई म्हणाली, “परवाच इमानातून उतरलीस, झोप झाली नव्हती, म्हणून उठवू दिली नाही मी.” आकडा दोनवर आला.

ही परात, हा बर्फ, ही आई परदेशी नव्हती. आईला हे कसं जमलं? मी दोन वर्षं रोज फोनवर शिकवलं. आधी ती म्हणायची, “आकडे कशाला, नाव घे देवाचं.” आता ‘जेवलीस का’च्या आधी ‘आज किती’ विचारते.

म्हणून काकांना सांगायचंय की चार माणसं लागतातच, पण नुसती असून भागत नाही, त्यांना शिकवावं लागतं. आणि भावाला सांगायचंय, हे शिकवणं इथं अशक्य नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यांतलं एकही नाही, हे मान्य. पण २०१५ पासून शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईच घरोघर जाऊन मनाची विचारपूस करतात. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखाली असलेलं माणूस धरलं आहे. मला जिल्हा रुग्णालयात आठवड्याला दोन तासांचा मराठी वर्ग हवा आहे. तो म्हणजे अख्खी डीबीटी नव्हे, त्याला प्रशिक्षित माणसं लागतातच. तरी वर्गापासून सुरुवात करता येईल.

पहिली अडचण शब्दांची येईल. आमच्या घरात सगळ्याला मिळून एकच शब्द: ‘कसंतरी होतंय’. बर्मिंगहॅमच्या गटात भावनांचा इंग्रजी तक्ता दिला, त्यात माझी भावनाच सापडेना. थेरपिस्टला मी ‘रुसणं’ समजावून सांगितलं: हा राग आहे, पण कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून दाराकडं डोळे लावून बसलेला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तुझ्या तक्त्यात हा शब्द पहिला लिही. माझ्या आजाराचा मोठा भाग त्या एका शब्दात होता, आणि तो मला लहानपणापासून येत होता.

सध्या वहिनी आणि मी मराठी तक्ता करतो आहोत. ती शेजारच्या गावात आशाताई आहे, तिला बायका काय बोलतात ते ठाऊक आहे. घालमेल, चरफड, हुरहुर, धास्ती, कुढणं, रुसणं असे अकरा शब्द झालेत. ‘हिरमुसणं’ तिनं घातलं. ‘कसंतरी होणं’ हा बारावा ठेवायचा की नाही, यावर मात्र आमचं जुळत नाही. मी म्हणते काढू. त्याच्या आड सगळं लपतं. ती म्हणते, राहू दे, बाया आधी तेच म्हणतील, मग पुढचं सांगतील.