चरबी ओतली म्हणून चोरिस टिकत नाही

‘गोव्याची चोरिस आता फ्लॅटमध्ये! ऊन नको, धूर नको, आतडी नको’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतो आहे. चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं, आतड्यांत भरलेलं मसालेदार टिकाऊ सॉसेज. मजकुरातली कृती चार ओळींची. डुकराच्या मांसाच्या तुकड्यांना मसाला आणि व्हिनेगर चोळून रात्रभर ओट्यावर ठेवा, बरणीत दाबून भरा, वरून कढवलेली गरम चरबी ओता. हवा बंद झाली की जंतू मरतात, फ्रीजशिवाय वर्षभर टिकते, आजी असंच करायची, असे दावेही सोबत आहेत. ही कृती जिवावर बेतू शकते, म्हणून तिचा एकेक दावा तपासायला हवा.

‘हवा बंद झाली की जंतू मरतात.’ बुरशीपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला हवा नसलेली जागाच हवी असते. त्याचे बीजाणू मातीत असतात, लसणाला चिकटून मसाल्यात येतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यामुळे वरून ओतलेल्या गरम चरबीने ते मरणार नाहीत. ओलसर, कमी आंबट, कमी खारट मांस, वर चरबीचं झाकण आणि स्वयंपाकघरातली ऊब मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलात ठेवलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोही खारवलेल्या मांसातच. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. त्या हॅममधून जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांनी जिवाणू वेगळा केला.

‘आजी असंच करायची.’ नाही, आजी असं करत नव्हती. गोव्यात चोरिस करताना मांसाला आधी सढळ हाताने मीठ लावतात आणि वर वजन ठेवून त्याचं पाणी काढून टाकतात. मग तुकडे उन्हात वाळवतात. मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरात वाटून तो मसाला लावून मुरवतात, आतड्यांत भरतात, दोऱ्याने मण्यांसारखे गाठ मारून पुन्हा उन्हात घालतात आणि चुलीवर धुरात टांगतात. काही घरांत सोरा (पोटॅशियम नायट्रेट) हा क्षारही घालतात. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची ही सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असते: मांसात जंतूंना वापरता येईल इतकं पाणी उरू नये. मीठ, ऊन, आंबटपणा, धूर यांतला एकेक अडसर एकट्याने अपुरा पडतो, सगळे मिळून काम होतं. त्या मजकुराने मसाल्याचा रंग आणि चव तेवढी ठेवली, राखण करणारं सगळं काढून टाकलं. मला सर्वांत जास्त राग याचा येतो. ज्या बायकांनी हे कसब पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांच्याच नावावर हे खपवलं जातंय.

चरबीत मांस ठेवण्याची परंपरा फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात आहे, हे खरं. तिथे बदकाचं मांस खारवतात, चरबीतच तासन्‌तास शिजवतात आणि थंड तळघरात ठेवतात. बरणीत कच्चं भरून मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवत नाहीत.

‘व्हिनेगर आहे ना.’ व्हिनेगराचा आंबटपणा तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचून सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली यायला हवा. चार चमच्यांनी ते होत नाही, आणि घरात ते तपासणार कसं?

‘बिघडलं तर वासावरून कळेलच.’ या जिवाणूचे काही प्रकार वास, फेस, बुळबुळीतपणा यांपैकी काहीच न दाखवता विष तयार करतात.

‘शिजवूनच खातो की.’ बोट्युलिनमचं विष नीट उष्णतेने मोडतं, पण त्याआधी बोट चाटून चव बघणारा घरात कुणीतरी असतोच. शिवाय रात्रभर ओट्यावर राहिलेल्या मांसात स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणू वाढला, तर त्याचं विष उकळूनही जात नाही.

ऊन आणि चूल नसेल तर चोरिसच्या मसाल्याचं ताजं मांस करा. फ्रीजमध्येच मुरवा, पूर्ण शिजवा, तीन-चार दिवसांत संपवा, उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवा. चव छान येते, फक्त ते टिकाऊ नाही हे लक्षात ठेवा. टिकाऊच हवी असेल तर गोव्यात जे वर्षानुवर्षं करतात त्यांच्याकडून वाळलेली माळ घ्या.

अशी बरणी घरात भरून ठेवली असेल तर चव न बघता घट्ट बांधून टाकून द्या, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. खाल्ल्यानंतर कुणाला एकाची दोन दिसू लागली, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली किंवा गिळता येईना, तर लगेच रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा. यावरचा उतारा जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.