पुण्यातून गेलेले संघ आणि कौनासमध्ये राहिलेला एक

फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०२५ मध्ये करारावरून अडली, तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत एकच वाद पेटलेला आहे. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, पुढचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून जुलैतच क्लबांना हंगाम थांबवल्याचं कळवलं गेलं. पुण्यातले मित्र म्हणतात, फ्रँचायझी हे मूळच चुकीचं. खाली घसरायची भीती नाही, अशी लीग कधीतरी बसणारच. कोल्हापूरचे म्हणतात, पैसा त्यांनीच आणला ना, नाहीतर भारतातला फुटबॉल टीव्हीवर कुणी दाखवला असता? आणि मग दोन्ही बाजू माझ्याकडे वळतात : तू सांग, तुमच्या युरोपात कसं असतं?

त्यांच्या डोळ्यांसमोर असतो इंग्लंडचा फुटबॉल. तळातले तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, खालचे तीन वर येतात. पण मी राहतो लिथुआनियात, कौनासला. इथे लोकांचा जीव बास्केटबॉलमध्ये आहे, आणि युरोपातल्या क्लब बास्केटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा, युरोलीग, ही जवळपास आयपीएलइतकीच बंद दाराची आहे. २००० साली मोठ्या क्लबांनी जागतिक महासंघापासून वेगळं होऊन ती काढली. डझनभर क्लबांकडे दीर्घ मुदतीचे परवाने आहेत. ते कितीही हरले तरी पुढच्या वर्षी खेळतातच. आमच्या कौनासचा झाल्गिरिस त्यांपैकी एक.

म्हणून मित्रांना मी एका हंगामाबद्दल सांगतो, २०२२-२३ च्या. त्याच्या आदल्या वर्षी झाल्गिरिसची अवस्था फार वाईट होती. युरोलीगमध्ये संघ तळाशी रेंगाळला, आणि देशातल्या लीगचं विजेतेपदही व्हिल्नियसच्या रितासने नेलं. कौनासकराला हे दुसरं दुःख पहिल्याहून मोठं वाटतं. उतरती-चढती असलेल्या लीगमध्ये हा संघ खाली गेला असता. इथे परवाना होता, संघ राहिला. रशियाचे तीन क्लब युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर स्पर्धेबाहेर गेले होते. २०२२-२३ ला बेलग्रेडचा पार्टिझान, बोलोन्याचा व्हर्टस आणि व्हॅलेन्सिया आत आले. अठरा संघ, प्रत्येकाचे चौतीस सामने, पहिले आठ संघ प्लेऑफला (पाचांपैकी तीन सामने जिंकेल तो पुढे), आणि त्यातले चार एकाच शनिवार-रविवारच्या आसपास 'फायनल फोर'ला. काझिस माक्स्विटिस या इथल्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली झाल्गिरिस सातवा आला. स्पर्धेतल्या लहान बजेटांपैकी एक बजेट असलेला संघ! दोन वर्षं लागोपाठ युरोपचं विजेतेपद मिळवलेला इस्तंबूलचा अनाडोलू एफेस पहिल्या आठातही नव्हता.

प्लेऑफला समोर बार्सिलोना आली, आणि बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता शारुनास यासिकेविचियस. कौनासचाच मुलगा. त्यानेच २०१८ मध्ये झाल्गिरिसला बेलग्रेडच्या फायनल फोरपर्यंत नेऊन तिसरं स्थान मिळवून दिलं होतं. बार्सिलोनाने आम्हाला ३-० ने हरवलं. तरी इथल्या हॉलमध्ये त्याच्याविषयी कडवटपणा नव्हता. आपल्या घरचा माणूस मोठ्या ठिकाणी गेला आहे, अशीच लोकांची भावना होती.

माझ्या शेजारी एक आजी राहतात. सोव्हिएत काळात, लिथुआनिया मॉस्कोच्या राजवटीखाली असताना, १९८५, ८६ आणि ८७ अशी सलग तीन वर्षं झाल्गिरिसने मॉस्कोच्या सेस्का या क्लबला मागे टाकून सोव्हिएत युनियनचं विजेतेपद घेतलं, तेव्हा त्या तरुण होत्या. त्या सामन्यांत काय पणाला लागलेलं असायचं हे त्या आजही आवाज खाली आणून सांगतात. संघ तळाला असतानाही पुढच्या हंगामाचं तिकीट त्यांनी घेतलंच. मी कारण विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांची आणि बहिणीची खुर्ची शेजारीशेजारी आहे, ती सोडायची कशासाठी?

आता पुणं. आयपीएलमध्ये पुण्याचे दोन संघ होऊन गेले. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३. पहिल्या वर्षी तर 'घरचे' सामने नवी मुंबईत, गहुंजेचं मैदान नंतर आलं. मग मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यात पैशावरून बिनसलं आणि संघ संपला. दुसरा रायझिंग पुणे, २०१६ आणि २०१७. तो दोनच वर्षांसाठी विकला गेला होता, हे खरं, त्यामुळे त्याच्या जाण्याचा दोष कुणाला देता येत नाही. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाने सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले आणि पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला झाले. पुढच्या वर्षी मात्र हा संघ अंतिम फेरीत गेला. २१ मे २०१७, हैदराबाद, मुंबईच्या १२९ धावांसमोर पुणे १२८. एका धावेने हार. त्या संघात धोनी होता, स्टोक्स होता, पण मला आनंद झाला होता तो राहुल त्रिपाठीला बघून. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा मुलगा सलामीला येऊन मोठमोठ्या गोलंदाजांना बेधडक मारत होता. पुढच्या वर्षी तो राजस्थानकडे होता आणि पुण्याच्या नावाचा संघच नव्हता.

बरोबर सहा वर्षांनी, २१ मे २०२३ ला, कौनासमध्ये युरोलीगचा अंतिम सामना झाला आणि तोही एकाच गुणाने सुटला. झाल्गिरिस त्यात नव्हता, पण शहर चार दिवस दुसरं काही बोलत नव्हतं. ग्रीसहून आलेल्या लाल-पांढऱ्या जर्सीतल्या लोकांनी लाइस्वेस आलेया हा आमचा मुख्य पादचारी रस्ता भरून टाकला होता. त्यांच्या ऑलिंपियाकोस संघाने उपांत्य सामन्यात मोनाकोला तिसऱ्या सत्रात फक्त दोन गुण करू दिले होते, स्वतः सत्तावीस केले. बचाव काय असतो, तो त्या दहा मिनिटांत दिसला. अंतिम सामन्यात त्यांच्या साशा व्हेझेन्कोव्हने २९ गुण केले आणि जवळजवळ शेवटपर्यंत वाटत होतं की चषक ऑलिंपियाकोसच्या गावी, पिरेउसला जाणार. रिआल माद्रिदचे महत्त्वाचे खेळाडू बाहेर होते. तीन-एक सेकंद उरलेले असताना पस्तिशीतल्या सेर्हिओ युलने उंच हातांवरून चेंडू सोडला. संपूर्ण सामन्यात त्याची तेवढी एकच बास्केट. ७९-७८. माद्रिदचं अकरावं विजेतेपद. २००७ पासून एकाच क्लबमध्ये असलेला, अमेरिकेत जायची संधी नाकारलेला हा माणूस. ती फेक दुसऱ्या कुणाच्या हातून बघायला मला आवडली नसती.

एका गुणाने हरलेला ऑलिंपियाकोस त्यानंतर कुठे गेला? पुढच्या वर्षी बर्लिनच्या फायनल फोरला, त्याच्या पुढच्या वर्षी अबू धाबीच्या. पिरेउसमधल्या ज्या मुलाने त्या रात्री डोळे पुसले, त्याला परत येऊन बघायला संघ होता. पुण्यातल्या मुलाला नव्हता. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

माझे मित्र यावर म्हणतात की युरोपातले क्लब जुने, लोकांचे, आपले मालकांचे, तुलना होणार कशी? पण झाल्गिरिसही खाजगी मालकाच्या हातात होता. व्लादिमिर रोमानोव्ह नावाचा बँकमालक. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची उकिओ बँक बंद पडली, क्लब कर्जात होता. आपल्याकडे इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचं झालं ते याहून वेगळं नव्हतं. २०१४ मध्ये सुरू झालेला, बालेवाडीत खेळणारा, एकदा उपांत्य फेरीपर्यंत पोचलेला क्लब मालकांच्या आर्थिक अडचणींत २०१९ ला बंद झाला. त्याची जागा हैदराबादला गेली, हैदराबादने २०२२ मध्ये ती लीग जिंकली, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला हलवला गेला. एक जागा, तीन शहरं. कौनासमध्ये बँक बुडाली त्या वर्षीही झाल्गिरिसने देशाचं विजेतेपद घेतलं, आणि पाच वर्षांनी तो युरोपातला तिसरा संघ होता.

फरक कशाने पडला? माझं उत्तर असं : मालक गेल्यावर कौनासमध्ये मागे बरंच काही शिल्लक होतं. नेमुनस नदीतल्या बेटावरचं पंधरा हजारांचं अरीना शहराचं आहे, मालकाचं नाही. १९४४ पासूनचं नाव शहराचं आहे. गावोगावी नगरपालिकांच्या क्रीडा शाळा आहेत. शाळा सुटल्यावर पोरं तिथे जातात, आणि त्यांतली चांगली पुढे क्लबच्या मुलांच्या संघात येतात. कौनासमध्ये आर्विदास साबोनिस या नामवंत खेळाडूच्या नावाची शाळा १९९४ पासून आहे. या देशाची लोकसंख्या तीस लाखांहून कमी, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. हा सगळा डोलारा सरकारच्या एखाद्या योजनेतून आलेला नाही. १९३९ ची युरोपीय स्पर्धा भरवायला याच शहराने खास हॉल बांधला होता, त्यावर सोव्हिएत काळातल्या ईर्षेची भर पडली. मालक हा त्या झाडावर बसलेला पक्षी होता. उडाला, झाड राहिलं.

खेळाडू बाहेरचे असण्याने काही बिघडत नाही, हेही इथे दिसतं. २०२२-२३ ला झाल्गिरिसचं आक्रमण ज्याच्यावर उभं होतं तो कीनन एव्हान्स अमेरिकन. लोकांनी त्याला आपला मानलं. पण कर्णधार एडगारास उलानोव्हास इथलाच, प्रशिक्षक इथलाच. आयपीएलवर 'स्थानिक मुलांना घेत नाहीत' अशी ओरड होते, ती मला अर्धीच पटते. दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव करून संघ मोडतात, त्याने जास्त नुकसान होतं.

आणि आपल्याकडे असं काही नाहीच, असं कुणी म्हणू नये. कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की पेठेतली दुकानं अर्धी रिकामी होतात. तालमीत कुस्ती करणाऱ्यांच्या मुलांनी बूट घातले आणि पिढ्यान् पिढ्या त्याच पेठेसाठी खेळत राहिले. कुठल्याही फ्रँचायझीने हे प्रेम विकत घेतलेलं नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण पाटाकडील तालीम उद्या कितीही जिंकली तरी जाणार कुठे? शाहू स्टेडियमच्या पलीकडे तिच्यासाठी रस्ताच नाही.

कोल्हापुरात सामन्यात मारामारी झाली की पहिली मागणी येते स्पर्धाच बंद करा. त्याच २०२२-२३ च्या प्लेऑफमध्ये माद्रिदमध्ये रिआल आणि पार्टिझानचे खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. माद्रिदच्या याबुसेलेने पार्टिझानच्या एक्समला उचलून जमिनीवर आपटलं, सामना पूर्ण झालाच नाही. याबुसेलेला पाच सामने बंदी, पार्टिझानच्या पंटरला दोन. मालिका बेलग्रेडला पुढे चालू राहिली आणि ०-२ ने मागे पडलेल्या माद्रिदने ती ३-२ ने जिंकली. असं युरोलीगच्या प्लेऑफमध्ये तोवर कुणी केलेलं नव्हतं. माणसाला शिक्षा झाली, हंगाम पुरा झाला. कोल्हापूरच्या पोलिसांनी आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने (के.एस.ए.) हा धडा घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

युरोपाकडे डोळे मिटून बघा, असं मात्र मी मित्रांना सांगणार नाही. २०२५ चं फायनल फोर युरोपात झालंच नाही, ते अबू धाबीला नेलं. दुबईच्या नव्या क्लबला थेट पाच वर्षांचा परवाना मिळाला. लीगचा कारभार २०२२ मध्ये पॉलियस मोतियेयुनस या झाल्गिरिसच्याच माजी प्रमुखाकडे गेला होता, म्हणून तर कौनासमध्ये याची जास्त चर्चा होते. तो आपल्या गावाचा हिशेब विसरला, असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात, क्लबांचे तोटे भरून काढायला पैसा हवाच. माझं मत पहिल्या बाजूला आहे. पिरेउसचा किंवा बेलग्रेडचा साधा माणूस पगारातून वाचवून कौनासला येऊ शकतो, अबू धाबीला नाही.

म्हणून 'फ्रँचायझी की उतरती-चढती' या वादात मी कुठल्याच बाजूला नाही. सुपर लीगच्या खालची आय-लीग जिंकून पंजाब २०२३ ला आणि मोहमेडन २०२४ ला सुपर लीगमध्ये आले. तो रस्ता उघडा राहावा. पण भारतीय फुटबॉलची घडी नव्याने बसवताना परवान्याच्या कागदावर तीन अटी असाव्यात : मैदान महापालिकेचं आणि दीर्घ कराराचं, शहरातल्या निदान दोन-तीन जुन्या क्लबांशी किंवा तालमींशी जोडलेले मुलांचे संघ, आणि मालक बदलला तरी नाव व जागा शहर सोडून जाणार नाही. शेवटची अट मालकांना आवडणार नाही, कारण तिने विकत घेतलेल्या वस्तूची किंमत कमी होते. महाराष्ट्राने ती तरीही मागावी. पुण्यात बालेवाडी आहे, कोल्हापुरात शाहू स्टेडियम आहे, आणि दोन्हीकडे सामना बघायला येणारी माणसं आहेत.