त्या 2,977 मध्ये धुळीने गेलेलेही आहेत

माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेवरच्या हल्ल्यात 2,977 माणसं मारली गेली, विषय तिथे संपला, आणि मी न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या इमारतींच्या धुळीत वावरून नंतर कॅन्सरने गेलेल्यांना उगाच त्यात ओढतोय, वर सरकारवर बोट दाखवून अल कायदाला मोकळं सोडतोय.

आधी आकडा बघू. तुम्ही जो 2,977 लिहिलाय ना, त्यातच धुळीने गेलेली तीन माणसं आहेत. पहिली एक वकील बाई, त्या दिवशी त्या धुरळ्यातून जीव घेऊन पळाली, घरी पोचली, आणि पाच महिन्यांनी फुप्फुसं निकामी होऊन गेली, तिचं नाव यादीत चढायला 2007 उजाडलं. तिसरा माणूस तर डिसेंबर 2010 मध्ये गेला, त्याचं नाव 2011 ला घातलं. म्हणजे ही यादी त्या दिवशी बंद झालीच नव्हती.

आता ती धूळ. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या 110 मजल्यांच्या दोन इमारतींचा भुगा, सिमेंट, काच, शिसं, ॲस्बेस्टॉस सगळं त्यात, ढिगाऱ्याखाली आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती आणि त्यावर माणसं साधा कागदी मास्क लावून, कित्येकदा तोही नाही, महिनोन्महिने राबत होती. 17 तारखेला वॉल स्ट्रीट उघडला आणि 18 ला पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टी व्हिटमन यांनी जाहीर केलं की हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे. हे मी मनाने रचलेलं नाही हो, 2003 मध्ये त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्याचा कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, लेखी सांगितलं की असं म्हणण्याइतकी माहितीच तेव्हा हातात नव्हती आणि व्हाइट हाऊसने पत्रकांच्या मजकुरात ढवळाढवळ केली होती. 9 ऑक्टोबरला जवळची स्टायव्हसंट हायस्कूल सुरू केली, शाळेला लागूनच ढिगाऱ्याचे ट्रक येऊन बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटींत, रिकामे होत होते. पोरं होती हो ती! मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

अल कायदाचं म्हणाल तर त्या 19 जणांनी विमानं घातली नसती तर ही धूळच उडाली नसती, त्यांचा गुन्हा तसूभर कमी होत नाही, उलट मी मोजतोय तसं मोजलं तर वाढतोच. पण आग लावणारा गुन्हेगार आहे म्हणून, धुराने काही होत नाही असं शेजाऱ्यांना सांगणारा सुटतो का?

"कॅन्सर कुणालाही होतो" हे तुमचं बरोबर आहे, एकेका माणसाच्या बाबतीत डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाहीत. पण न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जण त्या दिवशी गेले आणि त्या धुळीशी जोडलेल्या आजारांनी गेलेल्यांची संख्या 2023 मध्ये तेवढीच झाली, आता त्याच्याही पुढे गेलीय. एकाच दलातली माणसं, एकाच ढिगाऱ्यावर काम केलेली. आणि "भरपाई मिळाली की" म्हणताय, तो आजारी पडलेल्यांना उपचार आणि भरपाई देणारा झाड्रोगा कायदा व्हायला 2011 चा जानेवारी उजाडला, आजारी फायरमन वॉशिंग्टनला खेटे घालत राहिले, तेव्हा कुठे 2019 मध्ये भरपाई निधीची मुदत 2090 पर्यंत वाढवली. 2090 का, तर तेव्हाची शाळकरी पोरं म्हातारी होईपर्यंत हे आजार निघत राहणार म्हणून.

एक चूक मात्र तुम्ही नेमकी पकडलीत. पोस्टमध्ये मी "धुळीने मारलेले हजारो" असं लिहिलं होतं, ते "धुळीशी निगडित आजारांनी गेलेले" असं हवं होतं. आत्ताच बदलतोय.