मायक्रोफोन निक्सननेच बसवले होते

फोंड्याच्या आमच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर परवा एक मजकूर येऊन पडला. त्याआधी म्हापशाच्या मावसभावाने तोच धाडला होता, आणि संध्याकाळपर्यंत डिचोलीहूनही आला. मजकूर असा: १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन दुसऱ्यांदा निवडणुकीला उभे असताना विरोधकांनी त्यांच्या कचेरीत चोरून यंत्रे लावली, खासगी बोलणी टेप केली, प्रचारात फोडली आणि त्यांना पाडले. हेच वॉटरगेट. सेक्रेटरीने १८ मिनिटे पुसून टाकली, म्हणून खरे काय ते कधी कळलेच नाही. खाली तात्पर्य: निवडणुकीच्या तोंडावर बाहेर येणारी प्रत्येक क्लिप म्हणजे कारस्थान.

विरोधकांनी यंत्रे लावली हे आधी घेऊ, कारण बाकीची इमारत त्यावरच उभी आहे. यंत्रे निक्सननेच लावून घेतली होती. फेब्रुवारी १९७१ मध्ये सीक्रेट सर्व्हिसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या सुरक्षा दलाच्या, तंत्रज्ञांनी ओव्हल ऑफिसमधल्या, म्हणजे व्हाइट हाउसमधल्या त्याच्या मुख्य कचेरीतल्या, टेबलातच मायक्रोफोन दडवले. पुढे फोन जोडले, दुसरी कचेरी जोडली. ओव्हल ऑफिसमध्ये कुणी बोलू लागले की टेप आपोआप फिरायला लागे. केनेडी आणि जॉन्सननेही बोलणी टेप केली होती, पण तिथे बटण दाबावे लागे. निक्सनकडे तीही तोशीस नव्हती. जुलै १९७३ पर्यंत सुमारे ३,७०० तासांचे ध्वनिमुद्रण साठले. समोर बसलेल्या मंत्र्याला, पाहुण्याला पत्ता नसे. चोरून टेप करणारा यजमानच होता.

घोटाळा कुठे झाला असेल तेही कळते. वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली इमारत. तिच्यात चोरून ऐकण्याची यंत्रे खरोखरच होती, पण ती निक्सनच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत. १७ जून १९७२ च्या पहाटे तिथे पाच जण पकडले गेले. त्यांतला एक निक्सनच्याच फेरनिवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख. आणि त्यांना पकडून देणारी टेप कसली, तर दाराच्या कुलपावर लावलेली चिकटपट्टी! रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला ती दिसली आणि त्याने पोलिसांना फोन केला.

‘पाडले’ हा शब्द तर नोव्हेंबर १९७२ च्या निकालापुढे टिकतच नाही. ५० पैकी ४९ राज्ये निक्सनने जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्नच्या वाट्याला मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच आले. व्हाइट हाउसमध्ये टेप फिरतात हे लोकांना कळले १६ जुलै १९७३ रोजी, निक्सनचा माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्डने सिनेटच्या चौकशी समितीपुढे शपथेवर सांगितले तेव्हा. मतदान होऊन आठ महिने उलटले होते. प्रचारात फोडायला कुणाकडे काही नव्हतेच.

१८ मिनिटांची गोष्ट खरी आहे. नेमके सांगायचे तर साडेअठरा, २० जून १९७२ च्या टेपमधली. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स म्हणाली की फोन घ्यायला वळताना पाय टेपयंत्राच्या पेडलवर राहिला आणि चुकून पाचेक मिनिटे गेली असतील. तिने ते छायाचित्रकारांपुढे करूनही दाखवले. आमच्या मंडळातल्या पायपेटीवाल्या काकांना मी तो फोटो दाखवला. ते नुसतेच हसले.

पण म्हणून काहीच कळले नाही? २३ जूनची टेप शाबूत होती. एफबीआयचा तपास सीआयएकरवी थांबवायचा, हे निक्सन आणि त्याचा मुख्य सहायक हाल्डेमन तिच्यात बोलतात. निक्सन तपास करणाऱ्यांना टेप द्यायला तयार नव्हता. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल देऊन त्या द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला ही टेप लोकांपुढे आली आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाला.

मजकूर लिहिणाऱ्याला निक्सनची बाजूच घ्यायची होती, तर एक खरा मुद्दा हाताशी होता: घरफोडीचा हुकूम त्याने आधी दिल्याचे कुठल्याही टेपमध्ये सापडलेले नाही. अडकला तो झाकाझाकीत. नेमका तोच मुद्दा लेखकाने सोडला.

याच टेपांत नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधींशी भेट झाल्यावर निक्सनने आपला सल्लागार किसिंजरपुढे त्यांना ‘म्हातारी चेटकीण’ म्हटलेलेही आहे. ते आपल्यासमोर यायला २००५ साल उजाडले.

राहिले तात्पर्य. त्या टेपा पुरावा ठरल्या कारण यंत्र कुणाचे, मूळ रीळ कुठे, ताबा कुणाकडे हे सगळे ठाऊक होते आणि शपथेवर सांगणारा माणूस होता. निवडणूक आली की आमच्याकडे फिरणाऱ्या क्लिपेचा बाप कोण, हेच माहीत नसते. अशा क्लिपेवर शंका घ्या, जरूर घ्या, पण त्यासाठी निक्सनला साक्षीला बोलावू नका. त्याची साक्ष उलटी जाते.

हे सगळे ग्रुपवर टाकले. तासाभराने एकाच माणसाचे उत्तर आले, पायपेटीवाल्या काकांचे: ‘मास्तर, मग पुसली कुणी?’ न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी पुसण्याच्या किमान पाच वेगवेगळ्या खेपा मोजल्या, काका. पुसणाऱ्याचे नाव मात्र आजवर सिद्ध झालेले नाही.